गिअरचा झटका आणि तेलाची कामगिरी



१ जून १९४८ रोजी अहमदनगर आणि पुणे या दोन शहरांच्या दरम्यान राज्य परिवहनाची पहिली बस धावली, हे आपल्यापैकी पुष्कळांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. (आपल्या शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. जुन्या काळाविषयी लिहिताना मी जुनेच नाव ठेवले आहे.) ती बस बेडफर्ड बनावटीची होती. तिच्याविषयी बरेच लिहिले गेले आहे. परंतु तिच्या चालकाच्या डाव्या पायाविषयी कोणी चार ओळी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मी मात्र त्या पायापासूनच सुरुवात करणार आहे.

त्या काळच्या बस व मालमोटारी यांचा गिअर बदलणे हे हुनराचे काम होते. कामरगावचा चढ लागला की चालक क्लच दाबी, दांडा न्यूट्रलमध्ये आणी, क्लच सोडी, ॲक्सिलेटर किंचित दाबून इंजिनाचा वेग वाढवी, पुन्हा क्लच दाबी आणि मग कुठे दांडा खालच्या गिअरमध्ये सरके. याला ‘डबल क्लच’ म्हणत. वेळ साधली तर प्रवाशांना काही कळतही नसे. चुकली तर खालून असा करकराट निघे की मागच्या बाकावर झोपलेले मूल उठून रडू लागे. माझे मामू शहरात गॅरेज चालवीत. रस्त्याने जाणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकून, वर न पाहता ते सांगत, “नवा पोरगा दिसतोय,” किंवा “उस्ताद आहे.”

हा करकराट आणि हा झटका होतो कशाने, आणि पुढे तेलाने तो कसा पचवला, ही आजची हकीकत आहे. विषय यंत्राचा असला तरी आपल्या शहराला तो परका नाही.

प्रथम झटक्याचे कारण समजून घेऊ. इंजिनाचा स्वभाव सायकलस्वाराच्या पायांसारखा आहे. फार सावकाश फिरवले तर त्याच्यात जोर नसतो आणि फार वेगाने फिरवले तर दमछाक होते. म्हणून लहानमोठ्या दातेरी चाकांच्या जोड्या मध्ये बसवून इंजिनाचा वेग आणि चाकांचा वेग यांचा मेळ घालतात. गिअर बदलताना गाडीचा रस्त्यावरचा वेग त्या क्षणी बदलत नाही. बदलावा लागतो तो इंजिनाचा वेग. मिनिटाला अडीच हजारांहून अधिक फेरे घेणाऱ्या लोखंडी फ्लायव्हीलला डोळ्याचे पाते लवेपर्यंत दीड हजारावर यावे लागते. त्याच्यात साठलेला जोर कुठेतरी जायलाच हवा. तो जर एकदम चाकांकडे गेला तर आपले डोके पुढच्या बाकावर आपटते. तो कुठे आणि किती वेळात जिरवायचा, हाच या संपूर्ण इतिहासाचा प्रश्न आहे.

मोटारगाडीत दातेरी चाके सरकवून गिअर बदलण्याची पद्धत फ्रान्समधील पानार व लेव्हासर यांच्या गाड्यांतून १८९० च्या दशकात रूढ झाली. ही रीत जंगली आहे खरी, पण चालते, असे खुद्द लेव्हासर म्हणे असे सांगतात. पुढची तीसपस्तीस वर्षे जगभरच्या चालकांनी हा जंगलीपणा आपल्या पायांनी आणि कानांनी सांभाळून घेतला. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत ‘सिंक्रोमेश’ आले. यात दोन चाके एकमेकांत अडकण्यापूर्वी पितळी सुळक्यांच्या घर्षणाने त्यांचा वेग सारखा केला जातो. करकराट थांबला, पण डावा पाय मात्र सुटला नाही. ही युक्ती काढणाऱ्या इंजिनिअरचे नाव अर्ल थॉम्पसन. हे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

डावा पायही सुटावा यासाठी अनेकांनी प्रयत्न केले. कॅनडातील आल्फ्रेड मन्रो या वाफेच्या यंत्रांच्या जाणकाराने १९२१ च्या सुमारास आपोआप गिअर बदलणारे यंत्र रचले, परंतु त्यात त्याने दाबलेली हवा वापरली. ते चालले नाही. हवा दाबली की आक्रसते. तिच्यावर टाकलेला भार ती आधी स्वतः खाते आणि मग पुढे देते. तेल आक्रसत नाही म्हटले तरी चालेल. एका टोकाला दाबले की त्याच क्षणी तोच दाब दुसऱ्या टोकाला मिळतो, आणि नळी वाकडीतिकडी असली तरी त्याला फरक पडत नाही. विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकात जो पास्कलचा नियम पाठ केलेला असतो, तो हाच.

येथे थोडे विषयांतर करतो. नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या नावाने प्रसिद्ध असलेल्या तिघा भावांनी ‘किताब अल्-हियल’ हा यंत्रयुक्त्यांचा ग्रंथ लिहिला. त्यात द्रवाच्या पातळीनुसार आपोआप उघडझाप करणाऱ्या शंकूच्या आकाराच्या झडपा आहेत. माणसाने हात न लावता द्रवानेच झडपेला हुकूम द्यावा, ही कल्पना तेथे स्पष्ट दिसते. परंतु एवढ्यावरून मोटारीचा गिअरबॉक्स आपल्या पूर्वजांनीच शोधला होता असे व्याख्यान झोडणे हास्यास्पद ठरेल. मधल्या हजार वर्षांत आपण काय केले, असा प्रश्न एखाद्या चुणचुणीत विद्यार्थ्याने विचारला तर वक्त्याची पंचाईत होईल. असो.

तेलाचा पहिला मोठा उपयोग मोटारीत नव्हे, जहाजात व्हायचा होता. जर्मनीतील स्टेटिन येथील व्हल्कन गोदीत हर्मान फोटिंगर हा इंजिनिअर होता. वाफेचे टर्बाइन फार वेगाने फिरते, जहाजाचा पंखा सावकाश फिरावा लागतो. या दोहोंना जोडायचे कसे, हा त्याच्यापुढचा प्रश्न. १९०५ साली त्याने पेटंट घेतले. त्याची कल्पना घरच्या घरी समजते. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याचे पातेही फिरू लागते. मधे लोखंडाचा कसलाही सांधा नाही. हवेच्या जागी तेल घाला, दोन्ही पंखे एका बंद डब्यात तोंडाला तोंड लावून बसवा, की झाले ‘फ्लुइड कपलिंग’. एका बाजूला धक्का बसला तर तो तेलात घुसळला जातो, दुसऱ्या बाजूला तसाच्या तसा पोहोचत नाही.

ही जहाजाची वस्तू रस्त्यावर आली ती बसमुळे. १९२० च्या दशकात लंडनच्या बसमध्ये बसून हिसके खाल्लेल्या हॅरॉल्ड सिंक्लेअर या इंग्रज इंजिनिअरला वाटले की फोटिंगरची युक्ती येथे लागू पडेल. १९३० साली डेमलर कंपनीने आपल्या गाड्यांत ‘फ्लुइड फ्लायव्हील’ बसवले. हीच रचना पुढे डेमलरच्या चिलखती गाड्यांत आली, आणि त्या गाड्या भारतीय सैन्यात १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत होत्या.

आता थॉम्पसनकडे परत येऊ. सिंक्रोमेश केल्यावर तो स्वस्थ बसला नाही. त्याच्या नेतृत्वाखाली जनरल मोटर्समध्ये जे यंत्र तयार झाले ते ‘हायड्रामॅटिक’ या नावाने १९३९ साली जाहीर झाले आणि १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिल गाडीत विकले जाऊ लागले. मोठ्या प्रमाणावर तयार झालेला हा पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स. क्लचचे पायदळ गेले. चार गिअर होते, आणि ते तेल बदलत होते.

तेल बदलत होते म्हणजे नेमके काय? ही गोष्ट जरा सावकाश सांगायला हवी, कारण पुष्कळ गॅरेजवाले बंधूदेखील तिच्याकडे ‘आतले कळत नाही’ म्हणून पाहतात.

इंजिन फिरले की एक पंप फिरतो आणि तेलाला दाब देतो. या दाबाचे दोन हेर आहेत. एक हेर गाडीच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर बसतो. त्याला गव्हर्नर म्हणतात. त्याची वजने फिरण्याच्या वेगाने बाहेर फेकली जातात, आणि गाडी जितकी वेगात तितका तो जास्त दाब पुढे सोडतो. दुसरा हेर ॲक्सिलेटरला बांधलेला. पाय जितका खाली तितका त्याचा दाब जास्त. हे दोन दाब करंगळीएवढ्या एका लोखंडी दट्ट्यावर समोरासमोरून येऊन भिडतात. वेगाचा दाब जिंकला की दट्ट्या सरकतो, पुढच्या गिअरचा रस्ता उघडतो आणि त्या रस्त्याने तेल धावते. पाय दाबून ठेवला असेल तर दुसरा दाब दट्ट्याला अडवून धरतो, म्हणून चढावर गिअर उशिरा बदलतो. कामरगावच्या चढावर उस्ताद कानाने जे ठरवीत असे, ते येथे दोन दाबांची कुस्ती ठरवते. हायड्रामॅटिकमध्ये विजेच्या कसल्याही मेंदूचा यात संबंध नव्हता.

तेल धावते ते कुठे? आत दातेरी चाकांचे ग्रहमालेसारखे संच असतात. मधे सूर्य, भोवती ग्रह, बाहेर कडे. ही चाके एकमेकांत कायमची गुंतलेली असल्यामुळे दाते अडकवण्याचा प्रश्नच उरत नाही. त्यांच्यापैकी एकाला अडवून धरले की एक गिअर, दोघांना एकत्र बांधले की दुसरा गिअर. अडवण्यासाठी ड्रमभोवती पट्टा असतो. बांधण्यासाठी पातळ चकत्यांची चळत असते, एक पोलादी, एक अस्तर लावलेली, पुन्हा पोलादी. तेलाने पिस्टन ढकलला की चळत आवळली जाते.

आणि येथेच झटक्याचा मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. चळत एकदम आवळली तर झटका बसणार. फार सावकाश आवळली तर चकत्या एकमेकींवर घसरत राहतील, तापतील आणि जळतील. म्हणजे मऊपणा म्हणून पाहिजे तितका मऊपणा घेता येत नाही. घसरणे हवे, पण मोजूनमापून, अर्ध्या सेकंदाच्या आसपास. शिवाय जुना गिअर सोडणे आणि नवा धरणे यांची गाठ पडायला हवी. आधी सोडले आणि मग धरले तर मधल्या काळात इंजिन मोकळे सुटून ओरडते. सोडण्याआधीच धरले तर दोन गिअर एकमेकांशी झुंजतात आणि गाडीला ब्रेक लागल्यासारखे होते. छतावर स्लॅब टाकताना घमेले एका हातातून दुसऱ्या हातात जाते ते पाहा. देणाऱ्याने हात काढण्याआधी घेणाऱ्याने भार पेललेला असतो, तोही हळूहळू.

हायड्रामॅटिकची पहिली मोठी अडचण याच ठिकाणी होती. त्यात ग्रहमालेचे दोन संच होते. एक इंजिनाचा वेग १.४५ पटीने कमी करी, दुसरा २.६३ पटीने. पहिल्या गिअरमध्ये दोन्ही कामाला, म्हणजे सुमारे ३.८२. दुसऱ्यात पुढचा संच सरळ, मागचा कामाला. तिसऱ्यात उलट, पुढचा कामाला आणि मागचा सरळ. चौथ्यात दोन्ही सरळ. आता दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना काय होते पाहा. पुढची चळत सोडायची, पुढचा पट्टा धरायचा, मागचा पट्टा सोडायचा, मागची चळत धरायची, आणि हे चारही एकाच क्षणी. त्यातच इंजिन २६३० फेऱ्यांवर असेल तर ते १४५० वर यायचे. इतर कोणत्याही बदलापेक्षा ही उडी मोठी. चौघांपैकी एकजण जरी उशिरा आला तरी गाडी हिसका देई. मधले फ्लुइड कपलिंग होते म्हणून निभावले.

थॉम्पसनच्या नंतरच्या मंडळींनी यावर १९५६ साली जे उत्तर काढले ते मला फार आवडते. पुढच्या संचासाठी चळत व पट्टा यांच्याऐवजी त्यांनी आणखी एक छोटे फ्लुइड कपलिंग बसवले. गिअर बदलायचा म्हणजे हे कपलिंग तेलाने भरायचे किंवा रिकामे करायचे. भांडे भरायला जो वेळ लागतो तेवढ्या वेळात भार आपोआप हळूहळू येई. पट्ट्यांच्या जागी एकाच दिशेला फिरू देणारे कडे आले, जे वेळ आली की आपणहून सुटते. किंमत वाढली, परंतु झटका जवळजवळ गेला.

बाकीच्या कंपन्यांनी जो मार्ग धरला तो अधिक स्वस्त होता आणि पुढे तोच टिकला. चळतीकडे जाणाऱ्या तेलाच्या वाटेत एक बारीक छिद्र ठेवायचे, म्हणजे तेल हळू जाईल. परंतु सुटताना तेल झटपट परत यायला हवे, म्हणून शेजारच्या वाटेत एक छोटी पोलादी गोळी ठेवायची. तेल जाताना ही गोळी आपल्या बैठकीवर दाबली जाऊन वाट बंद करते, येताना उचलली जाऊन वाट मोकळी करते. आणि तिसरी वस्तू म्हणजे ॲक्युम्युलेटर. स्प्रिंगवर बसलेला एक पिस्टन, एवढेच त्याचे स्वरूप. चळतीकडे निघालेल्या तेलाचा काही भाग तो आपल्याकडे घेतो. स्प्रिंग दबत जाते तसतसा दाब चढत जातो. चकत्यांना मोजके घसरण्यासाठी जो वेळ हवा तो यातून मिळतो, आणि पिस्टन तळाला टेकला की पूर्ण दाब येऊन चळत घट्ट बसते.

ही कल्पना आपल्या भागातील माणसाला अवघड वाटू नये. निजामशाहीच्या काळात कापूरवाडी, शेंडी, भिंगार या बाजूंनी खापरी नळांतून अहमदनगर शहरात पाणी आणलेले होते. त्याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकी शहरात, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत व आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर बांधली. तिच्या वाटेवर ठिकठिकाणी उभे मनोरे आहेत. बंद नळातून येणारे पाणी मनोऱ्यात वर चढते, अडकलेली हवा सुटते, दाबाचा जोर ओसरतो आणि मग पाणी पुढे जाते. मनोरे नसते तर खापरी नळ फुटले असते. घरातला नळ एकदम बंद केला की भिंतीत ‘ठक्’ असा आवाज होतो, तो याच जोराचा. गिअरबॉक्समधल्या ॲक्युम्युलेटरला मनोऱ्याइतकी उंची मिळणे शक्य नाही, म्हणून तेथे उंचीचे काम स्प्रिंग करते.

आता हे यंत्र आपल्या शहरात कसे आले ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला हलक्या स्टुअर्ट रणगाड्यांसाठी इंजिने कमी पडू लागली, कारण त्यात वापरली जाणारी इंजिने विमानांनाही लागत होती. म्हणून १९४२ पासून एम-५ या प्रकारच्या स्टुअर्टमध्ये मोटारगाडीची दोन कॅडिलॅक इंजिने आणि प्रत्येकाला एक हायड्रामॅटिक अशी जोडी बसवली गेली. चालक तयार करणे सोपे झाले, हा त्याचा मोठा फायदा होता. शेतावरून आलेल्या पोराला डबल क्लच शिकवण्यात महिने घालवावे लागत नव्हते. स्टुअर्ट घराण्यातील रणगाडे आपल्या सैन्यातही होते. १ नोव्हेंबर १९४८ रोजी सेव्हन्थ लाइट कॅव्हलरीने साडेअकरा हजार फुटांच्या जोजिला खिंडीत जे रणगाडे नेले ते स्टुअर्टच. त्याच वर्षी आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल अहमदनगर येथे उभे राहिले, आणि आपले शहर रणगाडेवाल्यांचे शहर झाले. फाळणीच्या वेळी चकलाल्याहून हलवलेले वाहनतपासणीचे खाते येथे आले. आजची व्हीआरडीई ही संशोधन संस्था त्यातूनच वाढली. खारे-कर्जुने मैदानावरच्या तोफांचे आवाज ज्यांनी ऐकले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको.

या शहरात स्वयंचलित गिअरचा सर्वात मोठा नमुना मात्र विकत घेतलेला नाही, जिंकून आणलेला आहे. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडे अमेरिकन पॅटन रणगाडे होते. त्यांच्यातील सीडी-८५० या यंत्रात गिअर, सुकाणू आणि ब्रेक हे सारे एकाच पेटीत होते. पुढे जाण्याचे गिअर फक्त दोन, मागे जाण्याचा एक, आणि बाकी काम टॉर्क कन्व्हर्टरकडे. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे फोटिंगरच्या दोन पंख्यांच्या मधे बसवलेला तिसरा पंखा. तो परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवून जोर वाढवून देतो. गिअर मुळात कमी असल्यामुळे झटकेही कमी. ४५ टनांच्या आसपास वजनाचा तो हत्ती क्लचशिवाय चाले. पण तेल सतत घुसळले जाण्यात जोर वाया जातो. पेट्रोलवर चालणाऱ्या पहिल्या एम-४८ पॅटनचा पल्ला रस्त्यावर जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटरचा होता, त्याचे हेही एक कारण.

सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तर येथे हे पॅटन उसाच्या शेतांत आणि पाणी सोडलेल्या मऊ जमिनीत शिरले. त्यांच्यासमोर फोर ग्रेनेडिअर्सचा कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद एका जीपमध्ये होता. जीपवर १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ. ती जीप साध्या हातगिअरची. शेतातून जागा बदलत, एकेक पॅटन टिपत तो लढला आणि १० सप्टेंबरला शहीद झाला. त्याला परमवीरचक्र मिळाले. स्वयंचलित गिअरमुळे पॅटन हरले असे मी म्हणत नाही; तसे म्हणणे चुकीचे होईल. परंतु पाय मोकळा झाला म्हणून चालकाला जमीन ओळखता येते असे नाही, एवढे त्या शेतात दिसले. आपल्या शहरात फेब्रुवारी १९९४ मध्ये उघडलेल्या रणगाडा संग्रहालयात पॅटन उभा आहे. मुलांना घेऊन जाल तेव्हा तोफेचे फोटो काढून झाल्यावर मागच्या बाजूला जा. ती पेटी तेथे, इंजिनाच्या शेजारी, चिलखताखाली आहे.

रस्त्यावरच्या साध्या माणसाला डावा पाय मोकळा मिळाला तो फार निराळ्या वाटेने. १९७२ च्या लुनाला गिअरचा दांडाच नव्हता. फिरण्याच्या जोराने आपोआप पकडणारा क्लच आणि बस्स. ती करणाऱ्या किनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना आपल्याच नगर-दौंड रस्त्यावर. तेलाच्या दाबाचा त्यात काही भाग नाही, म्हणून येथे एवढाच उल्लेख. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओतून एएमटी आली आणि ‘ऑटोमॅटिक’ हा शब्द मध्यमवर्गीयांच्या तोंडी झाला. येथे पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, कारण गाडी घेताना बरेचजण फसतात. एएमटी म्हणजे नेहमीचाच हातगिअरचा गिअरबॉक्स. त्याचा क्लच आणि दांडा माणसाऐवजी यंत्राचे हात हलवतात. क्लच एकच, म्हणून एक गिअर सोडून दुसरा धरेपर्यंत मधे जोर तुटतोच, आणि मान थोडी पुढे जाते. घमेले क्षणभर हवेत असते म्हणा ना. खऱ्या तेलाच्या गिअरबॉक्समध्ये ते हवेत जात नाही. एएमटी स्वस्त आहे, इंधन कमी खाते, वाईट मुळीच नाही; परंतु दोन्हींना एकच नाव असल्यामुळे एकाची तक्रार दुसऱ्याच्या नावावर जाते. नव्या गाड्यांत दोन दाबांची कुस्ती आता संगणक लावतो आणि विजेच्या झडपा तेल सोडतात. चकत्या, पिस्टन आणि तेल मात्र तेच आहे.

आता शेवटी मामूंच्या गॅरेजमधली एक हकीकत. सुमारे वीस वर्षांपूर्वी एका डॉक्टरांची ऑटोमॅटिक गाडी त्यांच्याकडे आली. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना ती असा धक्का देई की मागे बसलेल्या रुग्णाला त्रास होई. त्याआधी ती दुसऱ्या एका गॅरेजमध्ये उघडली गेली होती. मामूंनी आयुष्यात तोवर अशा दोनतीनच गाड्या पाहिल्या होत्या. त्यांनी तेल बोटावर घेतले, वास घेतला, पांढऱ्या कापडावर पुसले. “जळालेले नाही,” म्हणाले. मग गाडी चालवून आणली आणि दोन मिनिटे गप्प बसून म्हणाले, “तेल कुठेतरी थांबायला पाहिजे, तिथे ते थांबत नाही.”

निदान बरोबर होते. पण कुठे, हे सांगायला त्यांच्याजवळ अक्षर नव्हते. ते चौथीत शाळा सोडून गॅरेजला लागलेले. पालकहो, आपल्याकडे अजूनही पोरगा अभ्यासात मागे पडला की ‘गॅरेजला टाकू’ म्हणतात, जणू गॅरेज म्हणजे अभ्यासातून सुटका. त्या दिवशी मामूंना काय वाटले ते मी पाहिले आहे. गाडीचे जाडजूड इंग्रजी पुस्तक समोर होते आणि ते त्यातली चित्रे उलटसुलट करून पाहत होते.

त्यांची नात त्या वेळी तंत्रनिकेतनात मेकॅनिकलच्या डिप्लोमाला होती. मुलीने हे कसले शिक्षण घेतले, म्हणून नातेवाइकांत बरीच कुरकुर झालेली. ती संध्याकाळी आली, ओढणी खोचून खाली बसली, व्हॉल्व्ह बॉडी उघडली आणि पुस्तकातल्या आकृतीशी ताडून पाहू लागली. त्या लोखंडी ठोकळ्यात वारुळासारख्या वाटा असतात. बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, “नाना, इथे सात गोळ्या दाखवल्यात. आपल्याकडे सहाच आहेत.”

वाटाण्याएवढी एक पोलादी गोळी. आधीच्या कोणीतरी साफ करताना ती सांडली असणार. गोळी नाही म्हणून वाट बंद होत नव्हती, तेल बारीक छिद्राला वळसा घालून सरळ चळतीवर जाऊन आदळत होते. मामूंच्या पेटीत बेअरिंगच्या गोळ्यांचा डबा होता. त्यातली एखादी घालू का, असे त्यांनी विचारले. नातीने पुस्तकात बोट ठेवून माप दाखवले आणि नाही म्हटले. नेमक्या मापाची गोळी पुण्याहून यायला दहा दिवस लागले.

गाडी जोडल्यावर तिघेही कामरगावच्या चढावर गेलो. मामू मागे बसले होते, डोळे मिटून, नेहमीसारखे कान देऊन. चढ संपत आला तरी ते काही बोलेनात. शेवटी म्हणाले, “अजून बदलला नाही का?”

नात पुढे बसली होती. तिने इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्याकडे बोट दाखवले आणि म्हणाली, “नाना, तीन वेळा बदलला.”